पेटी जुनी, आवाज कुणाचा? रेडिओत ब्लूटूथ बसवायच्या तीन तऱ्हा

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या माणसाला इथूनच परत फिरता येईल. भंगारात मिळालेला व्हॉल्व्हचा (म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ चालू होण्यासारखा असेल, तर त्यात ब्लूटूथचं छोटं रिसीव्हर मॉड्यूल टाका आणि बाकी कशाला हात लावू नका. आतलं सगळं सडून गेलं असेल तरच तयार मिळणारा रूपांतराचा संच घ्या. आणि चिकाटी असेल, थोडंफार प्रोग्रॅमिंग येत असेल, तर रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकाचा रस्ता धरा. तो तिन्हींत जास्त गमतीचा आहे आणि जास्त कटकटीचाही. तिन्ही तऱ्हांचे रेडिओ आमच्या घरात रोज वाजतात, त्यामुळे खाली ऐकीव काही नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवते. सोल्डरिंगचं काम हा संध्याकाळचा उद्योग. घरात तयार कान आहे तो माझ्या सासऱ्यांचा, आबांचा. आवाजाबद्दलची मतं आम्हा दोघांची मिळून आहेत. जिथे आमचं पटलं नाही, तिथे तसं लिहिलंय.

तयार संचापासून सुरुवात करते, कारण बहुतेक लोक तोच घेतात. खोक्यात ब्लूटूथसकट ॲम्प्लिफायरचा बोर्ड, तीन इंची दोन स्पीकर, १२ व्होल्टचा ॲडॉप्टर, आवाजाचं बटण आणि डायलच्या काचेमागे चिकटवायला पिवळसर एलईडीची पट्टी येते. हाच माल वेगवेगळी लेबलं लावून विकला जातो, म्हणून नावाला महत्त्व नाही. माझ्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१०० वॅट’ लिहिलं होतं. बोर्डावरची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६, आणि चिपबद्दल माझी काहीच तक्रार नाही. या वर्गात ती चांगलीच आहे. तिला २१ व्होल्ट आणि ४ ओहमचा स्पीकर दिला तर एका चॅनेलला ५० वॅट देण्याची तिची ताकद आहे. पण संचात ॲडॉप्टर १२ व्होल्टचा आणि स्पीकर ८ ओहमचे. आता गणित करा. १२ व्होल्टवर लाटेचा माथा जास्तीत जास्त १२ व्होल्टपर्यंत जाईल. १२ चा वर्ग १४४, त्याला ८ च्या दुपटीने, म्हणजे १६ ने भागलं की येतात ९ वॅट. तेही कागदावर, तारेतली आणि चिपमधली गळती धरली तर आणखी कमी. खोलीत ऐकायला ९ वॅट काही थोडे नव्हेत. मग १०० चा आकडा छापायची गरज का पडावी, हे छापणाऱ्यालाच ठाऊक.

खरी अडचण वॅटची नाहीच, पेटीची आहे. जुन्या टेबल रेडिओची पाठ उघडी असते; मागे भोकं पाडलेला पुठ्ठा असतो, तो व्हॉल्व्ह गार राहावेत म्हणून. त्या काळचा आठ इंची स्पीकर अशा उघड्या पेटीसाठीच घडवलेला असायचा. संचातले आजचे छोटे स्पीकर मात्र बंद डब्यात बसण्यासाठी केलेले. ते उघड्या पेटीत लावले की पडद्याच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना खाऊन टाकतात आणि खालचे स्वर पार नाहीसे होतात. तबला वाजतोय हे कळतं, डग्गा कुठे गेला ते कळत नाही. ‘स्पीकरच भिकार’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा स्पीकर ठीकच असणार. मी पेटीच्या आत प्लायवुडचा छोटा बंद डबा करून स्पीकर त्यात बसवले, फटी सिलिकॉनने बुजवल्या, आणि त्याच बोर्डाचा आवाज एकदम भरदार झाला. संचाबरोबरच्या सूचनापत्रात या डब्याबद्दल अवाक्षर नाही. त्यात चित्रं आहेत, आणि सगळ्या चित्रांत पेटी पाठमोरी उघडीच.

याच संचात आणखी एक गोष्ट सांभाळायची असते. पेटीतला मूळ मोठा स्पीकर शाबूत असेल तर तोच या बोर्डाला जोडावा असा मोह होतो. जोडा, पण त्याची एक तार चॅसीला (आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला) किंवा अर्थला लागलेली नाही ना, हे आधी पाहा. जुन्या रेडिओत ती बहुधा लागलेली असते. या चिपच्या दोन्ही आउटपुट तारांवर जिवंत सिग्नल असतो. त्यातली एक जमिनीला टेकली की चिप स्वतःला वाचवायला बंद पडते. स्वस्त नकलेत एवढीही दक्षता नसेल तर धूर निघतो. डाव्या नि उजव्या चॅनेलच्या आउटपुट तारा एकत्र करून एकाच स्पीकरला देणं हा तर सरळ आत्मघात. मोनो करायचं तर ते ॲम्प्लिफायरच्या आधी करायचं.

बटणाचा किरकोळ त्रास होतो. जुन्या नॉबचं भोक पाव इंची दांड्यासाठीचं असेल, तर संचातल्या सहा मिलिमीटरच्या दातेरी दांड्यावर तो डुगडुगतो. कागदाचं वेटोळं घालून भागतं. आणि चालू केल्या केल्या एक बाई परक्या उच्चारात ओरडून सांगते की ब्लूटूथ सुरू झालंय. आवाजाचं बटण शून्यावर असलं तरी ती ऐकू येते, रात्री अकरालाही येते, आणि तिला गप्प करायची सोय नाही. पाचपैकी अडीच गुण. त्यातला अर्धा चिपसाठी.

आता दुसरी तऱ्हा, माझ्या आवडीची. यात मूळ ॲम्प्लिफायर, मूळ स्पीकर, सगळं तसंच ठेवायचं आणि फोनमधलं गाणं फक्त आत सोडायचं. यासाठी वेगळं दारही पाडावं लागत नाही, कारण दार आधीपासून आहे. १९५० च्या दशकातल्या कितीतरी रेडिओंच्या पाठीवर दोन भोकांचं सॉकेट असतं, शेजारी तबकडीचं चित्र काढलेलं. रेकॉर्ड प्लेयरचं पिकअप लावायची ती जागा. क्रिस्टल पिकअप काही शे मिलिव्होल्ट द्यायचं. आजचं ब्लूटूथ मॉड्यूलही त्याच पट्टीत देतं. सत्तर वर्षांच्या अंतरानेही दोघांचं गोत्र जुळतं, हे मला अजून नवलाचं वाटतं.

माझा सेट युरोपीय घडणीचा, त्या दशकाच्या उत्तरार्धातला. आतले व्हॉल्व्ह असे: ईसीसी८५, ईसीएच८१, ईएफ८९, ईएबीसी८०, शेवटी स्पीकरला ताकद देणारा ईएल८४, रेक्टिफायर ईझेड८०, आणि वर ईएम८० हा हिरवा डोळा. पहिलं अक्षर ‘ई’ म्हणजे फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ६.३ व्होल्टचं, आणि तसं असलं की बहुधा आत मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो. पहिलं अक्षर ‘यू’ दिसलं तर सावध व्हा. ते व्हॉल्व्ह १०० मिलिअँपिअरवर एकापाठोपाठ एक, माळेत लावलेले असतात आणि ट्रान्सफॉर्मर नसतो. अमेरिकी सेटमध्ये हे ओळखणं आणखी सोपं, कारण नावातला पहिला आकडाच फिलामेंटचे व्होल्ट सांगतो: १२एसए७, १२एसके७, १२एसक्यू७, ५०एल६, ३५झेड५. मिळवा, १२१ होतात. घरातली वीज तिथे ११०-१२० व्होल्टची. ती सरळ माळेत सोडून दिलेली. अशा सेटची चॅसी मेन्सच्या एका तारेशी जोडलेली असते आणि प्लग उलटा बसला की आख्खं लोखंड फेजवर येतं. त्याला फोनची वायर लावणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (म्हणजे मेन्सपासून वेगळा न करता) कुणी ‘ब्लूटूथ करून’ विकत असेल तर तिथून निघून या. आणि ‘ई’वरही डोळे मिटून विसंबू नका, ऑटो-ट्रान्सफॉर्मर घातलेले सेट असतात, त्यातही चॅसी जिवंत राहते. प्लग भिंतीतून काढून, रेडिओचा स्विच चालू ठेवून, मल्टिमीटरने प्लगच्या दोन्ही पिना आणि चॅसी यांच्यात रेझिस्टन्स तपासा. रस्ता सापडला तर तो सेट माझ्या यादीतून बाद.

ब्लूटूथआधी सेट धडधाकट करावा लागतो, आणि या तऱ्हेत खरे श्रम तिथेच आहेत. सत्तर वर्षं पडून राहिलेला रेडिओ थेट प्लगमध्ये घालू नये. पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब मालिकेत लावायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. माझा बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे लक्षण बरं. फिल्टर कंडेन्सर सुकलेले होते. घूंऽऽ असा आवाज गाण्याच्या खाली सतत चालू. ते बदलले. पण खरी मेख असते ती एका बोटभर कंडेन्सरमध्ये: आधीच्या व्हॉल्व्हपासून ईएल८४ च्या ग्रिडकडे, म्हणजे सिग्नल आत जाण्याच्या टोकाकडे, आवाज नेणारा तो. जुने मेणकागदाचे कंडेन्सर गळतात. गळले की आधीच्या व्हॉल्व्हचे डीसी व्होल्ट ग्रिडवर झिरपतात, व्हॉल्व्ह भलताच करंट ओढायला लागतो, प्लेट लाल होते, आणि त्या भानगडीत आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. नवा व्हॉल्व्ह मिळतो, ट्रान्सफॉर्मर मिळत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. सेट चालू करून मीटरची काळी तार चॅसीला, लाल तार ईएल८४ च्या २ नंबरच्या, म्हणजे ग्रिडच्या पिनेला लावायची. एक हात पाठीमागे ठेवायचा, कारण त्याच सॉकेटच्या ७ नंबरच्या पिनेवर अडीचशेच्या आसपास व्होल्ट असतात. शून्य दिसायला हवं. माझ्या मीटरवर आधी शून्यच होतं, मग व्हॉल्व्ह तापत गेला तसा आकडा सरकायला लागला. ४ व्होल्ट ओलांडले तेव्हा मी स्विच बंद केला. आबा खुर्चीत बसून बघत होते. “वाजत तर होता की,” म्हणाले. वाजत होता, हे खरंच. गळका कंडेन्सर असलेला रेडिओ पुष्कळदा बरा वाजतो, आणि म्हणूनच ‘चालू स्थितीत’ म्हणून विकला जातो. तेवढ्याच कपॅसिटन्सचा, पण ६३० व्होल्टचा नवा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर घातला, पुन्हा मोजलं, शून्य.

मॉड्यूल जोडणं त्यामानाने पोरखेळ. डावा आणि उजवा चॅनेल थेट एकत्र बांधायचे नाहीत, प्रत्येकात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडायचे, म्हणजे मोनो झालं. पुढे ६०० ओहमचा एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, अंगठ्याच्या नखाएवढा. हा टाळू नका. मॉड्यूलला वीज आधी मी फोनच्या चार्जरने दिली तेव्हा दोन गोष्टी झाल्या: गाण्याच्या मागे बारीक किणकिण, आणि मीडियम वेव्ह लावली की डायलभर करकर. चार्जरमधलं स्विचिंग मीडियम वेव्हच्या पट्ट्यात कचरा फेकतं, आणि रेडिओ तर तो कचरा वेचायलाच बसलेला असतो. मग रेडिओच्याच ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवरून ब्रिज रेक्टिफायर, मोठा कंडेन्सर आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर असा छोटा बोर्ड केला. ऑडिओ ट्रान्सफॉर्मरमुळे दोघांच्या जमिनी वेगळ्या राहतात, म्हणून हे चालतं. किणकिण गेली, करकरही गेली. मॉड्यूल लाकडाच्या आतल्या अंगाला, चॅसीपासून लांब चिकटवलं. लाकूड लहरींना अडवत नाही, पत्रा अडवतो. चॅसीखाली दडवलेलं मॉड्यूल शेजारच्या खोलीत गेलं की तुटतं.

एक फायदा अनपेक्षित निघाला. ती ओरडणारी बाई याही मॉड्यूलमध्ये आहे. पण मॉड्यूलला वीज रेडिओबरोबर मिळते, आणि व्हॉल्व्ह तापायला वीस-तीस सेकंद घेतात. तिचं सांगून होतं तोवर ॲम्प्लिफायर थंडच असतो. मी हे ठरवून केलं असतं तर फुशारकी मारली असती.

आवाज कसा? ईएल८४ एकटा ५ वॅटच्या आसपास देतो आणि ते पुरेसे होतात, कारण जुना हलका कागदी पडदा थोड्या ताकदीत मोठं बोलतो. माणसाचा गळा, सारंगी, बासरी, हार्मोनियम, बातम्या, पुस्तकवाचन यांत या सेटला तोड नाही. झांजा आणि टाळ्या बोथट येतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर दोघंही वरच्या स्वरांना फार पुढे जाऊ देत नाहीत. आबांना ते खटकलं, मला नाही. आजकालच्या गाण्यांतला तो पोटात घुसणारा बास इथे येणार नाही, स्टिरिओही नाही. पण शब्द कळतात. चिपवाल्या पेटीत गायिका अगदी स्वच्छ ऐकू येते, तरी अधूनमधून ‘काय म्हणाली?’ असं विचारावं लागतं. इथे कधी विचारलं नाही. याला व्हॉल्व्हची जादू वगैरे म्हणणाऱ्यांतली मी नाही. मधल्या स्वरांना उठाव देणारा मोठा स्पीकर आणि त्याला साजेशी पेटी, एवढंच त्याचं कारण मला वाटतं.

उणिवाही लिहिते. सेट ४० ते ६० वॅट खातो आणि उब देतो. दिवसभर पार्श्वसंगीत हवं असेल तर हा परवडणारा सोबती नाही, चिपचा संच त्याच्या दहाव्या हिश्श्यात भागवतो. ब्लूटूथचा आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो, त्यामुळे सिनेमा बघताना ओठ आधी हलतात. काही ॲप हे सांभाळून घेतात, काही नाही. आणि हिरवा डोळा. १९३५ साली आरसीएने ६ई५ आणला तेव्हापासून हा डोळा स्टेशन नीट लागलं की मिटत आलाय. तो रेडिओ सिग्नलच्या जोरावर हलतो, त्यामुळे पिकअपच्या जागी बटण असताना त्याला काही कळतच नाही. सताड उघडा, ढिम्म. लोक त्याला गाण्याचा सिग्नल जोडून नाचवतात. दिसतं छान, पण त्याच्या आतलं हिरवं रसायन पेटून पेटून मंदावतं आणि चांगला डोळा मिळणं दुर्मिळ झालंय, म्हणून मी त्याला झोपू दिलंय.

साडेचार गुण. अर्धा कापला तो कामाच्या कष्टासाठी. ज्याला २५० व्होल्टशी खेळायची सवय नाही त्याने ही तऱ्हा जाणत्या मेकॅनिककडून करून घ्यावी. ट्रान्सफॉर्मरवाला सेट असेल तर तीन तारांची नवी केबल, चॅसीला अर्थ आणि फ्यूज एवढं त्याच फेरीत करून घ्या. माळेवाल्या सेटच्या चॅसीला मात्र चुकूनही अर्थ लावायचा नाही.

तिसऱ्या तऱ्हेला कारणीभूत झाले आबा. दुसरा सेट वाजायला लागल्यावर दोन-चार दिवस खुशीत होते, मग म्हणाले, “अगं, गाणं फोनवर निवडायचं, तर हा एवढा मोठा डायल कशाला? काटा फिरवला की काहीतरी बदलायला नको का?” मुद्दा बिनतोड होता. काचेवर हिल्व्हर्सम, लक्झेंबर्ग, बेरोम्युन्स्टर अशी युरोपातल्या स्टेशनांची नावं ओळीने लिहिलेली. त्यांतल्या कितीतरी जागी आता खरखरीशिवाय काही सापडत नाही. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएमसुद्धा बंद केलं. काटा फिरवायचा आणि स्टेशनं यायची, तर ती इंटरनेटवरून आणावी लागणार.

मग आणखी एक सेट घेतला, ज्याचा रेडिओ विभाग मेलेला पण आवाजाचा विभाग जिवंत होता. त्यात रास्पबेरी पाय, त्यावर पीसीएम५१०२ चिपचा डॅक बोर्ड (आकड्यांतला आवाज साध्या सिग्नलमध्ये बदलणारा), आणि तिथून पुढे तोच पिकअपचा रस्ता. म्हणजे आवाज इथेही व्हॉल्व्हचाच. काट्याची जागा ओळखायची युक्ती मला स्वतःला फार आवडली आहे: काट्याबरोबर फिरणाऱ्या, स्टेशन लावायच्या गँग कंडेन्सरच्या दांड्याच्या टोकाला वाटाण्याएवढं चुंबक चिकटवायचं आणि त्याच्यासमोर एएस५६०० हा कोन मोजणारा सेन्सर. तो पूर्ण फेऱ्याचे ४०९६ भाग करतो. गँग अर्धाच फेरा फिरतो, म्हणून मला २०४८ पायऱ्या मिळाल्या. मूळ दोरी, मूळ पुली, मूळ जड चाक, काही बदललं नाही. बोटाला लागणारी ती जडसर गिरकी तशीच राहिली, आणि हे कुठल्याही नव्या बटणाने साधत नाही.

काचेवरच्या प्रत्येक नावाजवळ एकेक स्टेशन नेमून दिलं आणि मधल्या मोकळ्या जागांत रेकॉर्ड केलेली खरखर भरली, काटा स्टेशनच्या जवळ जाईल तशी विरत जाणारी. खरखर नको, असं मला आधी वाटत होतं. नुसती शांतता ठेवून पाहिली तर काटा कुठे आहे याचा पत्ताच लागेना. खरखर आली आणि आबांचा हात पूर्वीसारखा चालायला लागला: सपाट्याने पुढे, थोडं जास्तच पुढे, मग केसभर मागे, आणि थांबायचं. ते हिल्व्हर्समजवळ थांबले, ऐकलं, म्हणाले, “यांना कुणीतरी मराठी बातम्या वाचायला लावलंय.” लावलं होतं मीच.

आता कटकट. स्टेशनांचे इंटरनेट पत्ते न सांगता बदलतात. एखाद्या सकाळी काचेवरचं एक गाव मुकं होतं आणि मला लॅपटॉप घेऊन बसावं लागतं. रेडिओचा स्विच फाटकन बंद करायची आपल्याला सवय. पायचं मेमरी कार्ड मात्र लिहीत असताना वीज गेली तर बिघडू शकतं. त्यावर उपाय म्हणजे कार्ड फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवायचं. ते केल्यावर काळजी मिटली, पण ते करायला वाचन करावं लागलं. राउटर बंद तर रेडिओ बंद, हे आबांना अजून पटलेलं नाही. व्हॉल्व्ह तापायला आणि पाय उठून बसायला साधारण सारखाच वेळ लागतो, त्यामुळे वाट बघणं मात्र नैसर्गिक वाटतं. करायला मिळाली ती मजा धरून पाच गुण, दुसऱ्या कुणाला शिफारस करताना साडेतीन.

टीव्हीबद्दल विचारणा होते म्हणून थोडक्यात. जुन्या काचेच्या टीव्हीला आजचा स्ट्रीमिंग डोंगल लावायचा तर एचडीएमआयचं एव्हीत रूपांतर करणारी डबी मिळते. टीव्हीला फक्त अँटेनाचं सॉकेट असेल तर मध्ये आरएफ मॉड्युलेटरही लागतो. चालतं. पण पडदा ४:३ चा आणि ओळी ५७६, त्यामुळे आजच्या मालिकांतली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. जुने खेळ आणि जुने कार्यक्रम मात्र अशा पडद्यावर जितके जिवंत दिसतात तितके सपाट पडद्यावर दिसत नाहीत, कारण ते याच पडद्यासाठी रंगवलेले. बाहेरून डबी लावा, मागचं झाकण काढू नका. रंगीत पिक्चर ट्यूबवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही तिथे चार्ज टिकून राहू शकतो. ट्यूब काढून तिथे एलसीडी बसवलेले टीव्हीही पाहिले. ते फर्निचर म्हणून ठीक.

आणि तयार रूपांतरित रेडिओ विकत घेणाऱ्यांसाठी: विकणाऱ्याकडे समोरचा फोटो मागू नका, तो सगळ्यांचा सुंदरच असतो. पाठीमागचा पुठ्ठा काढून आतला फोटो मागा. मोठी रिकामी पेटी आणि कोपऱ्यात तळहाताएवढा हिरवा बोर्ड दिसला, तर तुम्ही वर वर्णिलेला अडीच गुणांचा संच लाकडाच्या भावाने घेताय. मूळ चॅसी कुठे आहे ते विचारा आणि ती सोबत द्यायला सांगा. व्हॉल्व्ह जागेवर दिसले तर कंडेन्सर बदललेत का, आणि ईएल८४ च्या ग्रिडवर किती व्होल्ट येतात ते विचारा. ज्याने काम नीट केलंय तो हा प्रश्न ऐकून खूश होतो आणि अर्धा तास बोलत बसतो. बाकीचे म्हणतात, “आवाज एकदम मस्त आहे, मॅडम.”